विमानातलं भिंग

चामोर्शीच्या बाजारात लटारू भांडेकरचं फोटोचं दुकान होतं, पण दुकानात येऊन फोटो काढून घेणारे फार थोडे. लग्नसराईत चार जोडपी, बदली झालेले एखादे मास्तर, बाकी सगळं मयताचं. जिवंतपणी फोटो काढायची कुणाला सवड नसे. माणूस गेला की घरच्यांना आठवण व्हायची आणि कुणीतरी सायकल हाणत लटारूकडे यायचं. मयताला न्हाऊ घालून, हनुवटीखालून फडकं बांधून अंगणात खाटेवर टेकवून बसवत आणि लटारू फोटो काढी. गिऱ्हाईक म्हणून मयतासारखं गिऱ्हाईक नाही. हलत नाही, घाई करत नाही, फोटो कसा आला म्हणून कुरकुरतही नाही.

त्याचं जुनं भिंग याच कामाचं होतं. उजेड घोटाघोटाने घेई. शटर उघडून निवांत देवाचं नाव घ्यायचं आणि मग मिटायचं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र इतकं अंधुक पडे की डोक्यावर काळं फडकं घेऊनही ते नीट जुळलं की नाही ते कळत नसे. म्हणून लटारूने सुतळी केली होती. सुतळीला गाठी आणि कॅमेऱ्याच्या पट्टीवर त्या गाठींच्या खुणा. सुतळीचं टोक मयताच्या नाकाला टेकवायचं, गाठ बघायची आणि भिंग त्या खुणेवर सरकवायचं. पंचक्रोशीत हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पोरंसोरं सुतळीवाला म्हणूनच त्याला ओळखत.

वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातली रुखमाबाई मात्र जिवंतपणी फोटो काढा म्हणून मागे लागली होती. तिच्या नवऱ्याचा फोटो लटारूनेच काढला होता, अर्थात गेल्यावर. तो भिंतीवर लागला होता, डोळे मिटलेला, जबडा बांधलेला. त्याच्याखाली रोज झाडताना म्हातारीच्या मनाने घेतलं की आपण असं टांगून घ्यायचं नाही. डोळे उघडे असतानाच आपला फोटो निघाला पाहिजे. मागणी साधी होती, पण तिची मान हलायची. कंपवाताने ती दिवसभर डावी-उजवीकडे हले, जणू समोरच्याच्या प्रत्येक बोलण्याला नाही म्हणते आहे. लटारूने दोनदा फोटो काढून पाहिला. लुगड्याच्या निऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, आणि मानेच्या वर नुसतं धुकं. म्हातारीने दुसरा फोटो पाहून विचारलं होतं, "माहं मुंडकं कुठी गेलं, बाबू?" तिचा मुलगा डोमा हसला होता. लटारूला हसू आलं नव्हतं. यंदाच्या हिवाळ्यात म्हातारी फार खंगली होती आणि आता तिला नाही म्हणायला त्याचं मन होत नव्हतं.

अशात नागपूरचे गुणवंतराव बाजाराला आले. जुन्या बाजारातल्या वस्तू गावोगाव विकणं हा त्यांचा धंदा. त्यांनी एक तांब्याएवढं जडशीळ भिंग काढून लटारूच्या हातात दिलं. लढाईच्या वेळच्या विमानातल्या कॅमेऱ्याचं आहे, लढाई संपली, विमानं मोडीत गेली, म्हणून कवडीमोलाने मिळालं, असं त्यांनी सांगितलं. उजेड घटाघटा पितं म्हणाले. लटारूने फिरवून पाहिलं. काचेच्या कडेला चरा होता, आणि तोंड लहान करायची पाती कुणीतरी काढून टाकली होती. म्हणजे हे कायमचं आ वासलेलं. स्वस्त का, ते त्याला तिथेच कळलं. पण गुणवंतराव म्हणाले, पुढच्या बाजारापर्यंत वापरून बघा, पटलं तर ठेवा, नाहीतर वापस. फुकट वापरायला मिळालेली वस्तू नको म्हणण्याइतका लटारू मोठा नव्हता.

त्याने भिंगाला लाकडी चकती करून ते कॅमेऱ्यावर बसवलं, नव्या खुणा केल्या आणि पहिली परीक्षा बायकोवर घेतली. सुगंधा नथ घालून अंगणात बसली. सुतळी नाकाला लावली, शटर पापणी लवावी तसं उघडून मिटलं. प्लेट धुऊन पाहतो तर नथीतला मोतीन् मोती उठून दिसतोय, आणि डोळे राखेने माखल्यासारखे.

सुगंधाने फोटो उजेडात धरला आणि म्हणाली, "अजी, नथीचा फोटो चांगला निंघाला. आता माहा काहाडा."

लटारूला आधी राग आला, मग पटलं. मग त्याने धाब्यावरची गाडगीमडकी खाली काढून एकामागे एक ओळीने मांडली आणि त्यांचा फोटो काढला. एकच मडकं धड आलं, पुढची-मागची सगळी विरघळून गेली. या भिंगाची नजर बोटभर जाडीची होती. त्या बोटभरात जे सापडेल ते लख्ख, बाकी सगळ्याला रामराम. कोपरे काळवंडत होते. उजेडाकडे तोंड केलं की सगळं दुधाळ होई. सायकलीसकट, पायातल्या नव्या बुटांसकट फोटो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दाखवायची सोय नव्हती. पण मागचा गोठा, वाळत घातलेली धुणी, कुडाची भिंत, यातलं काहीच उरत नव्हतं. एकटा चेहरा पुढे येई. चेहऱ्यासाठी हे भिंग सोनं आहे आणि बाकी सगळ्यासाठी दगड, असं लटारूचं मत झालं. फक्त सुतळी नाकाऐवजी डोळ्याच्या कोपऱ्याला लावायची, एवढं शिकून तो रुखमाबाईच्या गावी निघाला.

डोमाने घरापुढच्या सपरीत पाट मांडून ठेवला होता. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून खांबाला टेकून बसली. लटारूने कॅमेरा लावला आणि खिशातून सुतळी काढली. तिचं टोक डोळ्यापाशी न्यायला तो वाकला, तशी म्हातारीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"दोरी नोको लावू मले," ती म्हणाली. "ते मेल्यावर लावतेत. मी जित्ती हाओ."

डोमाने तिला समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी लटारूलाच म्हणाला की लावून टाका एकदाची. लटारू सुतळी धरून तसाच उभा राहिला. ती नाही म्हणते आहे की तिची मान हलते आहे, हा प्रश्नच नव्हता. दोन्ही एकच झालं होतं. आपण गावोगाव काय करत आलो, ते या सपरीत बसून कसं दिसत असेल, हे त्याच्या मनात प्रथमच आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने सुतळी गुंडाळून खिशात घातली.

आता उरलं काळं फडकं आणि मागची काच. सवयीने त्याने आशा न ठेवताच डोकं आत घातलं. काचेवर म्हातारी उलटी बसलेली होती, पण उजळ, लख्ख, सुरकुतीनिशी. इतकी वर्षं हा माणूस गाठी मोजत आला होता. जित्या माणसाचा डोळा काचेवर त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याने भिंग हळूहळू पुढे सरकवलं. आधी कान आला, मग गालाचं हाड, मग पापण्या. पापणीचे विरळ केस दिसले तिथे तो थांबला. मान हलतच होती, पण खांबाला डोकं टेकल्यामुळे ती आडवीच हलत होती, पुढेमागे नाही. त्या बोटभर जाडीतून डोळा बाहेर जात नव्हता. हलण्याचं काय करायचं ते शटर बघून घेणार होतं.

त्याने प्लेट सरकवली, म्हातारीला म्हटलं, "माय, खांब सोडू नोको," आणि शटर पाडलं.

बाजाराच्या दिवशी डोमा आईला बंडीत घालून घेऊन आला. गुणवंतरावही जबाब मागायला दुकानात येऊन बसले होते. लटारूने फोटो आधी डोमाला दिला. डोमाने तो जवळ धरून पाहिला. मग म्हणाला की हे मायसारखं वाटत नाही, मायची मान किती बरसं झाले अशी थांबली नाही. तो लहान असताना ती अशी दिसायची की काय, हेही त्याला सांगता येईना. मग तो बंडीच्या बैलांकडे बघत राहिला.

म्हातारीने हात पुढे केला. पण फोटो तिच्या हातात हले, मान वेगळी हले, दोन्ही जुळेनात. लटारू खाली बसला आणि तिच्यासमोर फोटो दोन्ही हातांनी धरून राहिला. तिने आधी डोळे पाहिले. ते उघडे होते. मग ती बाकीचा चेहरा बघत राहिली. गुणवंतरावांनी मधेच विचारलं की भिंगाचं काय ठरलं. लटारूने त्यांच्याकडे न बघताच सांगितलं की ठेवून घेतो.

म्हातारी आपल्या फोटोशी बोलावं तशी बोलली, पण सांगत होती ती लटारूला.

"मी मेली तं आता तू नोको येजो, बाबू. तुहं काम झालं."

डोमा म्हणाला, माय, असं बोलू नये. या म्हणणारे लटारूला आजवर पुष्कळ भेटले होते. येऊ नको म्हणणारी ही पहिलीच होती, आणि इतकं बरं त्याला या धंद्यात कधी वाटलं नव्हतं.