दोन बोटं सैल

दादाच्या पँटचं आसन मी अकरा वर्षांत सात वेळा वाढवलं. आसन म्हणजे पँट जिथं दोन पायांत वाटली जाते ती जागा. पहिल्यांदा तो कानाशी येऊन म्हणाला, "जरा ऐसपैस ठेव, वारा खेळू दे." जांघेतला हर्निया तेव्हा लिंबाएवढा होता. मी चेष्टा केली आणि कापड वाढवलं. त्याची पपई झाली. पुढे तो गुडघ्याशी हितगुज करू लागला, तेव्हा मी पँटला आतून एक झोळी शिवून दिली, आणि शिलाई बेमालूम उतरली म्हणून आठवडाभर स्वतःवर खूश होतो. वहिनी गेल्यापासून त्याला विचारणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मीही कंबर किती, एवढंच विचारत राहिलो.

मग एका दुपारी त्याचं पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात नेल्यावर अडकलेलं आतडं थोडक्यात सुटलं.

"निम्मी आतडी पोटाबाहेर नांदताहेत," सर्जनबाई मला म्हणाल्या. "पोटानं त्यांची जागा केव्हाच मोडीत काढली. अकरा वर्षं घराबाहेर राहिलेली मंडळी एकदम आत घुसवली, तर ती छातीवर चढतील. श्वास बंद पडेल."

"मग?"

"आधी जागा करायची. बारीक नळीतून पोटात रोज थोडी हवा भरायची. घेर पाच इंच वाढला की ऑपरेशन."

पहिल्या दिवशी नर्सनं टेप लावली. छत्तीस. दादा लाजून कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढली. "मला हात लावायचा नाही. माझा घरचा टेलर आहे."

नर्स हसली, पण तिनं टेप माझ्या हातात दिली. रोज हवा भरली की मी माप सांगायचो, ती लिहून घ्यायची. दादाचा खांदा दुखायचा, धाप लागायची. "फुग्यावर निदान चित्रं तरी असतात," तो म्हणायचा. दहाव्या दिवशी मी ऐटीत जाहीर केलं, "एक्केचाळीस!" ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं.

संध्याकाळी शेजारच्या खाटेवर नर्स एका बाईंच्या पोटाचं माप घेत होती. टेप कातडीला चिकटलेली. टेपखाली काहीच नाही.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला जेवल्यावर घट्ट होऊ नये म्हणून टेपखाली दोन बोटं घालणारा हा हात. छत्तीस नर्सचे होते. एक्केचाळिसात माझी बोटं होती.

दादाला काहीच न सांगता मी पुन्हा टेप लावली, बोटं न घालता. साडेएकोणचाळीस.

सर्जनबाई जिन्यात भेटल्या, तिथंच मी त्यांना बोटांचं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, "रोज घालत होतात?"

"रोज. सवयीनं."

"दीड इंच जागा नसतानाच आत ढकलणार होते मी." त्यांनी कठड्याला हात टेकला. "उद्याचं रद्द. आणखी चार-पाच दिवस हवा. आणि माप नर्स घेईल."

मग दादालाही सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुझी बोटं गार लागायची पोटाला."

"मग बोलला का नाहीस?"

"कंटाळलो होतो रे. म्हटलं, सुटलो तर सुटलो. नाही तर... सुटलोच." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "रडू नकोस, टेलरमास्तर. झोळी मीच मागितली होती."

"मागितली तू. शिवली मी."



पाच दिवसांनी ऑपरेशनला साडेपाच तास लागले. आत जाळी बसवून वाट बुजवली. दोन दिवस तो श्वासासाठी झगडला. तिसऱ्या दिवशी सर्जनबाई म्हणाल्या, "तो दीड इंच कमी असता तर झगडायलाही जागा नव्हती." त्या दिलासा देत होत्या. मला तो अजून पचलेला नाही.

दोन महिन्यांनी दादा दुकानात आला. साध्या आसनाची साधी पँट हवी होती. मी टेप लावली.

"बोटं घाल की."

"नाही घालणार."

"घट्ट होईल."

"झाली तर ओरड," मी म्हटलं. "पण या वेळी मोठ्यानं ओरड."