पेटीतला फोन

आकारामच्या वर्कशॉपच्या ऑफिसात एक लाकडी पेटी होती आणि तिची किल्ली फक्त त्याच्याच खिशात असे. सकाळी आठला कामावर येणाऱ्यानं आपला मोबाईल पेटीत टाकायचा, सुटताना न्यायचा. ही अट तो ज्या परदेशी कंपनीला माल पुरवायचा तिची. तिचा साहेब पाहणीला आला तेव्हा एक बहाद्दर मशीनपाशी उभा राहून फोनवर सोयरीक ठरवत होता. साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसऱ्याच दिवशी आकारामनं सुताराकडून पेटी करून घेतली. सतरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केलेला माणूस तो, हुकूम म्हटला की पाळायचा.

ती कंपनी साताऱ्याच्या एमआयडीसीत आल्यापासून दहा-बारा शेड तिच्याच जिवावर चालत होत्या. कंपनी गोदाम ठेवत नाही. दुपारी तीनला आकारामचा टेम्पो पोचायचा आणि चारला त्यातले शाफ्ट, यंत्राचे लोखंडी दांडे, तिच्या लाईनवर चढलेले असायचे. टेम्पो चुकला की लाईन उभी, आणि मग माल पुरवणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलंच म्हणून समजा. शेजारच्या नानासोचं असंच गेलं. त्याच्या शेडला आता कुलूप आहे आणि तो दुसऱ्याच्या गेटवर वॉचमन आहे. आकाराम येता-जाता त्याला हात करायचा आणि मनातून घाबरायचा.

शाफ्टवर शेवटचा हात फिरायचा तो बिरदेवचा. आकारामच्याच गावचा, इस्लामपूरकडचा गडी. ग्राइंडिंग मशीनवर केसाच्याही आतलं माप राखणारा शेडमध्ये दुसरा कोणी नव्हता.

त्या मंगळवारी बाराच्या सुमारास पेटी वाजू लागली. थांबली, परत वाजली. चौथ्या वेळी आकारामनं कुलूप काढलं. फोन बिरदेवचा होता, त्याच्या घरून आलेला. आकारामनं उचलला आणि तो काही बोलायच्या आत बिरदेवच्या बापाचा, धोंडीबातात्यांचा, आवाज आला.

"बिरू, लेकरा, ये रं. तुझ्या हातचं पाणी घाल तोंडात. आता न्हाई ऱ्हात मी."

काचेतून बिरदेवची पाठ दिसत होती. साठ शाफ्ट राहिले होते. म्हातारा मागल्या माघात असाच जायला निघाला होता. सगळी भावकी गोळा झाली, बिरदेवनं पाणी घातलं, आणि संध्याकाळी उठून बसून तात्यांनी मटणाचा रस्सा मागितला. आताही तसंच असेल, असं आकारामनं मनाशी ठरवून टाकलं.

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर पेटी वाजली नाही. पोरगा येतो म्हणालाय, मग परत फोन कोण कशाला करेल? पण आकारामला वाटलं, म्हाताऱ्याला उतार पडला असणार. त्याला तसं वाटून घ्यायचंच होतं.

पावणेतीनला टेम्पो गेटबाहेर पडला. तेव्हा कुठं तो बिरदेवपाशी गेला. "आत्ताच घरनं फोन आल्ता रं. तात्यांचं बरं न्हाई. चल, मी सोडतो," म्हणाला आणि स्वतःची गाडी काढली. कराड ओलांडताना बिरदेवला घरून फोन आला. तात्या नुकतेच गेले होते. बाराला निघाला असता तर बिरदेव दोनलाच घरी पोचला असता. बिरदेव रडता रडता म्हणाला, "आण्णा, तुमी सवताची गाडी काढली, लय उपकार झालं." आकारामनं गाडी आणखी जोरात हाकली.

चौदा दिवसांनी सकाळी आठला बिरदेव कामावर आला, डोकं भादरलेला. पेटी उघडी होती, पण त्यानं फोन टाकला नाही.

"आण्णा, आई माझ्यासंगं बोलंना झालीया."

"का रं?"

"तात्यांनी दुसऱ्या कुणाला पाणी घालूच दिलं न्हाई. बिरू येतो म्हणालाय म्हणत तोंड मिटून घ्यायचं. दाराकडं बगत कोरड्या तोंडानं गेलं." त्यानं फोन पुढं धरला. "बारा वाजून धा मिनटं. ह्यो फोन कुणीतरी उचललाय. किल्ली तुमच्याकडंच असती."

"मीच उचलला," आकाराम म्हणाला.

बिरदेव अंगावर धावून आला असता तर बरं झालं असतं. त्यानं पुढं धरलेला फोन खाली घेतला.

"मग येवढं करा. आज गावाकडं चला आन् आईम्होरं सांगा, फोनवर बिरू न्हवता, मी व्हतो म्हणून. दुसरं काय न्हाई मागत."

साळूबाईच्या, बिरदेवच्या आईच्या, दारात उभं राहायचं आकारामला धाडस होईना. शेडमधली बाकीची सातही माणसं त्याच गावची. हे गावात फुटलं की उद्या कोण कामावर येणार? भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं होतं, शुक्रवार, पाचशे शाफ्ट. त्याला लाज वाटत होती, अगदी खरी लाज, आणि जावं असंही मनापासून वाटत होतं.

"येतो," तो म्हणाला. "येवढा शुक्रवारचा लॉट जाऊ दे."

बिरदेव फोन खिशात घालून गेटाकडं चालू लागला.

आकारामनं मान वर केली. बाकीचे सातजण दारात कधी येऊन उभे राहिले ते त्याला कळलंच नव्हतं. सगळ्यांच्या हातात आपापला फोन होता. पेटी उघडी पडली होती आणि कोणीच तिच्यात फोन टाकत नव्हतं.