दुपट्ट्यातला गजर

मी एक जुना गजर आहे. तसं मला चावीचं घड्याळ म्हणतात. पण मित्रांनो, खरा तोरा माझ्या आवाजाचा! जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझ्या मालकांना, पुंडलिकरावांना, पहिल्या पाळीसाठी मी उठवत असे, आणि शेजारची दोन घरंही फुकटात उठत. मग मोबाइल आले. माझी रवानगी माळ्यावर झाली. फार वाईट वाटलं.

एके दिवशी त्यांच्या लेकीनं, अपेक्षानं, मला खाली काढलं. अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनातली भीती कमी करण्याचं काम ती करते. मोहाडीच्या चंद्रकुमारभाऊंना ट्रकनं उडवलं होतं. डोक्याला मार लागला. सांगितलेलं घटकाभरही लक्षात राहत नसे. भीती मात्र पक्की राहिली. हॉर्न ऐकला की ते भर रस्त्यात खाली बसत. लेकीला, डिंपलला, शाळेच्या गाडीपर्यंत सोडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

अपेक्षा आधी तासभर बोलायची. भाऊंचं डोकं ठणकायचं, आणि पुढच्या वेळी ते विचारायचे, "तुमी कोन व्हय बाई?" तिला रडूच यायचं. मग तिनं रीतच बदलली. दहाच मिनिटं, एकच गोष्ट, तीच पुन्हा पुन्हा. ती दहा मिनिटं मोजायला मी.

पहिल्याच दिवशी मी दणक्यात वाजलो, आणि भाऊ कान दाबून खाटेखाली शिरले. अरेरे! ज्या आवाजाचा तोरा, त्याचीच मला लाज वाटली.

अपेक्षानं मला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून भाऊंच्या हातात दिलं. "भाऊ, चावी तुमीच द्या. वाजला का तुमीच बंद करा."

मी दबक्या आवाजात वाजलो. भाऊंचा अंगठा चाचपत आला आणि त्यानं खटका दाबला. दर आठवड्याला दुपट्ट्याची एक घडी कमी होत गेली, तसा माझा आवाज थोडा थोडा मोकळा होत गेला. अपेक्षाचं नाव ते दर वेळी विसरत, पण अंगठा माझा खटका कधी विसरला नाही.

परवा मला पिशवीत घेऊन ते डिंपलसोबत रस्त्यावर उभे राहिले. ट्रक आला, त्यानं जोरात हॉर्न दिला. पण भाऊ खाली बसले नाहीत. पिशवीत हात घालून त्यांनी माझा खटका दाबला.

"बाबा, गजर तं वाजूनच नाही राहिला!"

"माह्या डोक्यात वाजून राहिला होता व माय. केलो बंद."

मित्रांनो, अशा माणसाला एकच गोष्ट दहादा सांगावी लागली, तर चिडू नका. मला रोज चावी द्यावी लागते, त्याचा राग कोणी धरतं का?