कूलरखालचा स्वीडिश कोश

मी एक जुना, जाडजूड कोश आहे. स्वीडनमधल्या जमीनजुमल्याच्या कायद्याचे शब्द इंग्रजीत सांगणे हे माझे काम. जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, अशा गावी माझी पाने शिवली गेली. तिथे शिकायला गेलेल्या नंदिनीने मला जुन्या बाजारातून उचलले आणि हिंगणघाटच्या घरी आणले. मित्रांनो, कुठे तो बर्फ आणि कुठे हे वैशाखातले ऊन!

पुष्कळ वर्षे तिने माझ्या आधाराने तिकडच्या खरेदीखतांचे इंग्रजी केले. "हा माझा गुरुजी," असे ती पाहुण्यांना सांगे. मग संगणक आपणच भाषांतर करू लागला आणि मी डुगडुगत्या कूलरच्या पायाखाली गेलो.

यंदा उन्हाळ्यात ती स्वीडनमधल्या एका शेतघराच्या खरेदीखतापाशी अडली. घेणारे इंग्रज होते. त्या घरात नव्वदी ओलांडलेली एक बाई राहत होती. जुन्या कागदात तिच्या नावापुढे एकच शब्द होता, 'फ्यूदोरोद'. संगणकाने लिहिले, अन्नभत्ता.

"काऊन वं, तोंड पाडून बसली?" तिच्या आईने, जिजाबाईंनी विचारले.

"माय, मशीन म्हणते त्या घरातल्या बुढीला नुसता भत्ता आहे. म्हणजे घर विकलं का तो बंद."

"अन् बुढी कुठं जाईन? मशीनले काय माय हाय? तुह्या मामानं वाटणी केली, तवा आजीच्या पोटापुरतं वावर निराळं ठेवलं. पुढं तेही विकलं, तरी घेणारा पहिल्या वेचणीचा कापूस तिच्याच दारात टाके."

नंदिनी उठली. मला ओढताच कूलर कलला, पाणी सांडले, आई ओरडली. ओल्या फरशीवरच बसून तिने माझे पान उघडले. तिथे लिहिले होते: शेत पुढच्यांच्या हाती देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा खोली, सरपण आणि दूध मिळण्याचा हक्क. तो जमिनीलाच बांधलेला असतो. मालक बदलला तरी त्या माणसाच्या मरणापर्यंत तो सुटत नाही.

मी थक्क झालो. हे इतकी वर्षे माझ्याच पोटात होते! दोन मुलखांनी एकमेकांना न विचारता म्हाताऱ्यांसाठी एकच रीत बांधली होती.

नंदिनीने सगळे उलगडून इंग्रजीत लिहिले. घेणाऱ्यांनी वाचून सही केली. बाई आपल्याच खोलीत राहिली. मग एक फोटो आला. तिच्या खिडकीखाली नव्या मालकाने लाकडे रचली होती.

जिजाबाई निरखून म्हणाल्या, "हिवाळाभर पुरते."

आता कूलरखाली वीट आहे आणि मी वाळून मेजावर बसलो आहे. मित्रांनो, जुने काही पायाखाली सारण्याआधी एकदा उघडून पाहा. कुणाचे तरी सरपण आत ठेवलेले असेल.