फोटोखालची सूचना

पोलादपूरच्या टेम्पोवाल्यांच्या संघटनेची वेबसाइट तेजश्रीने बनवली होती. घाटरस्त्याची खबर तिथे मिळायची, म्हणून चालक सकाळी ती उघडूनच गाडी काढत. त्या दिवशी महाबळेश्वरच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटात दरड कोसळली. महाडच्या आपल्या संगणकाच्या दुकानात पोचताच तेजश्रीने ‘घाट बंद’ अशी सूचना टाकली, अध्यक्ष श्रीपतरावांच्या सत्काराच्या फोटोखाली. फोटो आठवडाभर सगळ्यात वर राहावा, असं त्यांनी बजावलं होतं.

नऊला तिने भावाला, अनिलला, फोन लावला. लागेना. मग वहिनीला लावला.

“ते मघाशीच गेले गो, टेम्पो भरून महाबळेश्वरला,” आवडी म्हणाली.

“घाट बंद हाय, वयनी. सूचना नाय बघितली त्याने?”

“बघितलं की. मला पण दावलं. नुस्ता हारातला माणूस हाय, दुसरं काय नाय. म्हनले, रस्ता चालू हाय.”

तेजश्रीने स्वतःचा मोबाइल उघडला. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर फोटो आणि सूचना दोन्ही एकदमच दिसत होती. इथे एकट्या फोटोनेच पडदा भरला होता. बोटाने दोनदा वर सरकवलं, तेव्हा कुठे सूचना आली.

तिने सूचना उचलून माथ्यावर नेली, फोटो तळाशी ढकलला आणि एकेका चालकाला फोन लावत सुटली. सदू घाटाच्या पायथ्याशी सापडला.

“मी फिरतो मागं,” तो म्हणाला. “पन अनिल गेला वर. अर्धा तास झाला.”

तेवढ्यात श्रीपतरावांचा फोन आला. “फोटो खाली कुणी नेला?”

“मी. घाट बंद आहे हे कुणाला दिसत नव्हतं. आमचा दादा वर गेलाय.”

ते म्हणाले, “काढूनच टाक तो फोटो. मी जीप घेऊन जातो वर.”

त्यानंतर तेजश्रीने अनिलचा नंबर किती वेळा लावला, तिचं तिलाच ठाऊक. पावणेअकराला श्रीपतरावांच्या फोनवरून अनिलच बोलला. वळणावर पुढच्या काचेवर दगड आले होते. त्याने टेम्पो तसाच मागे मागे घेत आणला. काच गेली, कोपर फाटलं.

“तू काय लिवलं नव्हतंस,” तो म्हणाला, “म्हनून बिनघोर गेलो.”

“लिहिलं होतं, दादा. तुला दिसेल असं नव्हतं लिहिलं. चूक माझी.”

“बरं, रडू नको.”

“टाके घालून घे. मी निघालेच,” ती म्हणाली आणि पर्स उचलून स्टँडकडे धावली.