उघड्यावरची स्लावा

नेवेनाच्या वर्गात चोवीस मुलं होती. सोमवारी त्यांतली अकरा आली नाहीत. शाळेच्या फाटकाशी हे ऐकताच तिच्या आईने, तियानाने, मनात दुसरा आकडा त्याच्याशेजारी मांडला: सासऱ्यांच्या रक्तातल्या घटलेल्या पांढऱ्या पेशींचा. राडोयेंची चौथी केमोथेरपी होऊन नऊ दिवस झाले होते. तियाना रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतूंच्या तपासण्या करायची, त्यामुळे हे दोन आकडे एका छताखाली आले तर काय होतं, ते तिला कोणी सांगायला नको होतं. शाळेतला फ्लू सात वर्षांच्या मुलीला तीन दिवस झोपवतो. राडोयेंना तो पुन्हा उठू देईलच असं नाही.

आणि शुक्रवारी स्लावा होती, घराण्याच्या संताचा दिवस. स्लावेला कोणाला बोलावत नाहीत. गेल्या वर्षी आला तो यंदा येतोच. ज्यांना बोलावलंच नाही त्यांना येऊ नका असं तरी कसं सांगणार? चाळीस माणसं, एक खोली, धगधगती शेगडी, प्रत्येकाचे यजमानाला तीन मुके आणि प्रोमायेच्या धास्तीने गच्च लावलेल्या खिडक्या.

प्रोमाया म्हणजे घरातून आरपार जाणारा वारा. गावात कोणाचा कान ठणको, कंबर धरो की तोंड वाकडं होवो, दोष तिचाच. विषाणूचं नाव काढणाऱ्याकडे लोक जरा कीव आल्यासारखे पाहत.

"दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवू," तियाना म्हणाली.

सासूबाई, ल्युबिंका, घेवड्याचे दाणे निवडत होत्या. "चार बोटं? त्यापेक्षा सरळ शवपेटीच मागव."

"आई, जंतू श्वासावाटे हवेत येऊन तरंगत राहतात. हवा बदलली की कमी होतात."

"माझी मावशी प्रोमायेनेच गेली."

"त्या एक्याण्णव वर्षांच्या होत्या."

"मग? नसती लागली तर अजून जगली असती."

दुसऱ्या दिवशी तियानाने प्रयोगशाळेतून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं आणि कपाटावर ठेवलं. खोलीत चार माणसं, खिडक्या बंद; तासाभरात आकडा आठशेवरून एकवीसशेवर गेला. एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो आहे, हे तिने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. ल्युबिंकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि यंत्रावर क्रोशाचा रुमाल घातला.

"तू तरी काही बोल," तियाना नवऱ्याला म्हणाली.

"तुम्हा दोघींच्या मधे मी येत नाही," ओग्नेन म्हणाला. "घरातली सगळ्यात वाईट प्रोमाया तिथेच आहे."

कोचावर पडलेल्या राडोयेंनी डोळे उघडले. "स्लावा होणार. पुढची माझ्या वाट्याला आहे की नाही, मला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. पण ल्युबिंका, मला एक सांग, अंगणात प्रोमाया असते का?"

"अंगणात कशी असेल? तिथे दारं-खिडक्या आहेत का? तिथे नुसता वारा."

"त्याने काही होतं?"

"टोपी असली तर नाही."

तियाना या युक्तिवादातली चूक दाखवणार होती, त्याऐवजी तिने रुमाल काढून यंत्र बंद केलं. गृहीतक चुकीचं होतं, निष्कर्ष बरोबर निघाला होता. असा योग नेहमी येत नाही.

शुक्रवारी राकिया ही फळांची दारू गाळायच्या, तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये टेबलं मांडली गेली. उपासाचा दिवस, म्हणजे मांस, दूध, अंडी वर्ज्य; म्हणून मासे आणि भाजलेला घेवडा. भट्टीत लाकडं पेटली होती, तरी बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. तियानाला ती एरवी न दिसणाऱ्या गोष्टीचा दिसणारा नकाशा वाटली. ती वाफ वर चढे आणि वाऱ्यावर फाटून जाई.

राडोये, दोन लोकरी टोप्या एकावर एक घालून, मधे आड ठेवलेल्या एका रुंद पिंपामागे उभे होते. पिंपावर स्लावेच्या प्रसादाचं, शिजवलेल्या गव्हाचं ताट होतं. पिंप ओलांडून मुके घेणं कोणालाच जमेना.

"काय रे राडोये," ओग्नेनचा धर्मपिता दोब्रिवोये ओरडला, "बाहेर का बसवलंस आम्हाला? घर विकलंस?"

"घरात दोन बायका आणि दोन खिडक्या आहेत. हिंमत असेल तर जा आत."

सोमवारपासून नेवेना वरच्या खोलीतच जेवत-झोपत होती; इथेही तियानाने तिला लाकडांच्या ढिगापाशी, सगळ्यांपासून दूर उभं केलं होतं. दरवर्षी स्लावेचा गोल पाव आजोबा आणि ती मिळून हातात धरून फिरवत.

"मी काय पिसाळलेली आहे?" तिने विचारलं.

"नाही. पण वर्गात अकरा जण आजारी आहेत."

"मला तर काहीच होत नाहीये."

"आजार होतो त्याच्या आदल्या दिवशीही काही होत नाही."

पाव मग राडोये आणि ओग्नेन यांनीच फिरवला. शेवटच्या फेरीला राडोयेंनी तो थांबवून ढिगाच्या दिशेने जरासा कलता केला. नेवेनाने तिथूनच दोन्ही हात पुढे केले, आणि म्हातारा पुन्हा नीट उभा राहीपर्यंत तसेच धरून ठेवले. तियानाने लाकडं मोजल्यासारखं केलं.

संध्याकाळी नेवेनाला अडतीस-सात अंश सेल्सियस ताप भरला. फ्लूच्या चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणजे सकाळी ढिगापाशी उभी असतानाही ती रोग वाटतच होती.

तियाना मुलीला घेऊन वरच्या खोलीत गेली, खिडकी उघडली आणि दार लावून घेतलं. ल्युबिंका जेवण पायरीवर ठेवून जायच्या आणि रोज सकाळी खालून राडोयेंच्या तापाचा आकडा सांगायच्या. "छत्तीस सहा." "छत्तीस आठ." तिसऱ्या दिवशी आवाज आला, "सदतीस एक," आणि तियाना दिवसभर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. चौथ्या दिवशी पुन्हा छत्तीस सहा. पाचव्या दिवशीही.

"टोपीमुळे वाचले," ल्युबिंका खालून म्हणाल्या. "दोन घातल्या होत्या मी."

एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. टोपी नाही, वारा नाही, लाकडांचा ढीगही नाही. तियानाला हे पक्कं माहीत होतं. तिने कपाळ कठड्याला टेकवलं.

"आई, वसंत येईपर्यंत घालू द्या त्यांना," ती म्हणाली. "पण पाहुणा आला, तर अंगणात."

"मग आणखी कुठे?" ल्युबिंका म्हणाल्या. "पोरी, सूप निवतंय."