सांध्यापाशी

नितळ नळीतून लाल रंगाचा एक धागा पुढे सरकत होता, सांध्यापाशी येऊन तो जरासा फाटला आणि त्यातला एक पदर मागे वळून तिथल्या तिथेच फिरत राहिला... ममता रोजच ते बघायची, पण आज शेजारी याडी उभी होती. डोळे दाखवायला फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून यवतमाळला आलेली आई, आणि परतताना हट्टानं लेकीच्या कॉलेजची प्रयोगशाळा बघायला आलेली.

"हे तुया बापूची शीर व्हय?"

"त्याईच्यासारखी. दवाखान्यातल्या फोटोवरून बनवली."

बापूंच्या पायातली शीर काढून हृदयाला जोडली होती, तोच हा सांधा, रबराचा; रक्ताऐवजी रंगीत पाणी, हृदयाऐवजी पंप. याडीनं नळीवर हलकेच बोट ठेवलं. आतला ठोका लागला असावा, कारण तिनं ते उचललं नाही — आणि ममताला आठवले बापू, धोतर वर करून पायावरची लांबलचक शिवण ज्याला त्याला दाखवत तांडाभर हिंडणारे, खूश... पुढच्याच कापूसवेचणीत ते शेतात कोसळले, ते परत उठले नाहीत. तेव्हापासून याडी रडली नव्हती. फक्त एवढंच म्हणायची, आत्ताही म्हणाली, "मीच त्याईले कापसाचा गठ्ठा उचलाले लावला."

या एका वाक्याचं उत्तर शोधायलाच तर ममता या नळ्यांपर्यंत आली होती.

"नाही वो याडी. इकडं पाह्य. इथं रगत घुटमळते, मंग आतून थर चढत जाते. शीर आधीपासूनच बुजत होती. गठ्ठा नसता उचलला तरी बुजली असती."

"मंग म्या काहीच नाही केलं?"

"काहीच नाही."

याडी स्टुलावर बसली. आता हिच्या छातीवरचा धोंडा उतरेल, ममता वाट पाहत होती — आणि याडीनं ओढणी तोंडात कोंबली, तिचे खांदे गदगदू लागले.

"कोनाचंच काही नाही... तं मी आता कोनाले बोल लावू, ममता?"

ममता तिच्याजवळ खाली बसली. इतकी वर्षं स्वतःला बोल लावता लावता ही रोज त्या शेतात जात होती का, बापूंपाशी, गठ्ठ्याला हात लावायला... आणि आपण तेही काढून घेतलं. गठ्ठ्यानंही झालं असेल, कोण जाणे — हे खोटं तिच्या ओठांवर आलं. ते याडीसाठी होतं की स्वतःसाठी, तिला कळेना.